एका कपाळावर सतरा माणसं

१

दुआन म्हाताऱ्याला ही गोष्ट सांगायचीच नव्हती. पण वसाहतीच्या समितीला 'साथीच्या दिवसांतल्या गोड आठवणी' असा फळा लावायचा होता, आणि समितीची माणसं एकेका म्हाताऱ्याच्या मागे लागून आठवणी उपटत होती, किडकी दाढ उपटावी तशी. दुआननं सांगून पाहिलं की माझ्याकडे गोड काही नाही, आंबट होतं तेही बरणीसकट गेलं. ऐकेनात. म्हणे, फाटक तुमच्या हातात होतं, तुमच्याशिवाय फळा लंगडा दिसेल. मग बसला बापडा सांगायला. लिहून घेणाऱ्या बाईनं तिसऱ्या वाक्याला पेन मिटलं, चहा संपवला, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर दुआनच्या नावाखाली वाफवलेल्या पावांचा फोटो लागला.

दुआनला पाव आवडतात. पण त्यानं पाव सांगितले नव्हते.

तेव्हा आता पुरतं ऐकून घ्यावं, आणि पुन्हा त्याला छेडू नये.

दुआन तिसरी शिकलेला. सूतगिरणी नंबर तीनच्या बॉयलरवर त्यानं एकतीस वर्षं कोळसा ओढला. पुढे गिरणी गेली, बॉयलर गेला, वसाहतीच्या सहा इमारतींना ऊब शहराच्या वीजकेंद्रातून नळ्यांनी यायला लागली, तेव्हा कुठे तरी टाकायचा म्हणून त्याला फाटकावर टाकला. फाटकाला लागून एक खोली. तीत एक खाट, एक पाण्याचा बंब, आणि भिंतीतून गेलेली गरम पाण्याची लोखंडी नळी. ही नळी चार नंबरच्या इमारतीतून मजल्यामजल्यानं खाली उतरते आणि दुआनच्या खोलीत येऊन संपते. फाटकावरच्या यंत्राची गोष्ट सगळेच सांगतात. नळीची कुणी सांगत नाही.

२

साथीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत प्रत्येक माणसाला एक चौकोन मिळालेला होता, काळ्या ठिपक्यांचा, फोनमध्ये. यंत्रापुढे चौकोन धरायचा, कपाळ पुढे करायचं. यंत्र ताप मोजायचं आणि बाईच्या आवाजात नाव, ताप आणि रंग सांगायचं. हिरवा असला तर म्हणायचं, "पुढे चला," आणि फाटकाचा दांडा वर व्हायचा. पिवळा आला तर माणूस घरात. लाल आला तर पांढऱ्या कपड्यांतली माणसं येऊन घेऊन जात. रंग कोण ठरवतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. पाच नंबरातला न्हावी तुंबलेल्या गटारावरून समितीत भांडून आला आणि दुसऱ्या सकाळी लाल झाला. योगायोग असेल, असं दुआन म्हणायचा, आणि म्हणताना मागे वळून बघायचा.

ज्या म्हाताऱ्यांकडे फोन नव्हता त्यांचे चौकोन कागदावर छापून आले. असे सतरा जण होते. हजेरी रोज सकाळी लागायलाच हवी, आणि बाहेर पायऱ्यांवर बर्फ. त्यातली चार माणसं तर काठीशिवाय उभी राहत नव्हती. वसाहतीच्या हजेरीचं काम बघणारी तेंग नावाची बाई होती, पस्तिशीची, दोन फोन घेऊन पळणारी. तिनंच तोड काढली. सतरा कागदांना प्लास्टिक लावून, भोक पाडून, किल्ल्यांसारखे एका लोखंडी कड्यात ओवले आणि कडं दुआनच्या हातात दिलं. कागद त्यांचा धरा, दुआनकाका, आणि कपाळ तुमचं.

तेव्हापासून रोज सकाळी सातला दुआन टोपी काढून यंत्रापुढे उभा राहायचा. एक कागद, एक कपाळ. दुसरा कागद, तेच कपाळ. छत्तीस पॉइंट चार, हिरवा, पुढे चला. सतरा वेळा दांडा वर, सतरा वेळा खाली, आणि आत-बाहेर कुणीच नाही.

"माझं एक कपाळ सतरा माणसं जगवतं," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. गंमत म्हणून सांगायचा, पण छाती फुगायची. त्या हिवाळ्यात आल्याचं पाणी पिऊन पिऊन त्यानं स्वतःला शिंकसुद्धा येऊ दिली नाही. आपल्याला ताप आला तर सतरा घरांना कुलूप, हे तो जाणून होता.

बाकीचं तो जाणून नव्हता.

३

त्या सतरांत एक न्ये कुइलान. चार नंबर, चौथा मजला, डावं दार. गिरणीत सूत कातणाऱ्या चात्यांवर काम केलेली, एकाहत्तर वर्षांची, अंगात कायम राखाडी लोकरी जाकीट, आणि जीभ सुरीसारखी. नवरा गेलेला, मुलगा दक्षिणेत कारखान्यात. बावीस वर्षं ती रोज दोन थर्मास घेऊन दुआनच्या बंबाचं पाणी न्यायला यायची. घरी गॅस होता. तरी यायची. म्हणायची, तुझ्या बंबाच्या पाण्याला कोळशाचा वास येतो, बरं वाटतं. बंब विजेवर चालायला लागून दहा वर्षं झाली होती. दुआननं तिला कधी सांगितलं नाही. बदल्यात हिवाळ्याच्या तोंडाशी आंबवलेल्या कोबीची एक बरणी यायची.

आणि रोज दुपारी चारला ती घरातल्या नळीवर चमचा आपटायची. तीन ठोके. बॉयलरच्या काळातली खोड ती. तीन ठोके म्हणजे, घर गार पडलंय, आळशा, कोळसा टाक. तेव्हा दुआन फावड्यानं एक ठोका द्यायचा. म्हणजे, टाकतो गं बाई. बॉयलर गेला, पण ठोके राहिले. वर तीन, खाली एक. त्या दोघांचं त्यात काय होतं हे कुणी विचारलं नाही, आणि त्यांनी आपापसांतही कधी विचारलं नाही.

तर एका दुपारी ती दोन थर्मास घेऊन आली आणि म्हणाली, पाणी भरून ठेव, मी औषधाच्या दुकानातून येते. रक्तदाबाच्या गोळ्या सकाळीच संपल्या होत्या. कागद घेऊन दुआननं यंत्रापुढे धरला. हिरवा, पुढे चला. पण तासाभरापूर्वी तेंगचा निरोप आला होता की चार नंबरातल्या कुणालाही बाहेर सोडायचं नाही.

न्येबाई म्हणाली, हिरवी आहे ना मी? दुआन म्हणाला, हिरवी आहेस, पण चार नंबरची आहेस. मग हिरव्याचा उपयोग काय, लोणच्यात घालू? दुआन म्हणाला, गोळ्यांचं नाव समितीच्या यादीत टाकू, तेंग आणून देईल. ती म्हणाली, दुकान समोर दिसतंय, साठ पावलं. मागे माणसं जमली. कुणीतरी फोननं चित्र घ्यायला लागलं. दुआननं दांडा खाली केला.

तेव्हा ती सगळ्यांसमोर, आवाज न चढवता म्हणाली, "बावीस वर्षं मला वाटायचं फाटकावर माणूस बसवलाय. साखळीचा कुत्रा निघाला. त्यालाही भुंकण्याआधी यंत्राला विचारावं लागतं."

मागे दोघं हसले.

"आधी माफी माग," दुआन म्हणाला. "मग पाणी आणि मग गोळ्या."

तिनं एक थर्मास उचलला, तो रिकामाच होता, आणि परत गेली. दुआननं आधीच भरून ठेवलेला दुसरा खिडकीच्या कठड्यावर राहिला. संध्याकाळी चार नंबरच्या दाराला साखळी पडली. घराघराला शिक्क्याच्या कागदी पट्ट्या लागल्या. आणि प्रत्येक दाराला बोटाएवढी पांढरी डबी. दार उघडलं की समितीत घंटी वाजणारी.

दुआननं तिच्या गोळ्यांचं नाव यादीत टाकलं नाही. लिहायला हात चालत नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं. तिची गरज, तिनं बोलावं. आणि बोलायच्या आधी काय म्हणायचं ते तिला ठाऊक होतं.

४

पहिल्या दिवशी दुपारी चारला नळीवर तीन ठोके पडले.

दुआन खाटेवर बसून बूट घासत होता. फावडं कोपऱ्यात होतं. त्यानं फावड्याकडे बघितलं आणि बूट घासत राहिला. ठोका म्हणजे माफी नव्हे. थोड्या वेळानं पुन्हा तीन. मग गप्प.

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तीन. या वेळी जरा लांबून आल्यासारखे, एकात आणि दुसऱ्यात एखादा श्वास मावेल एवढं अंतर. दुआनला वाटलं, रुसलीय. रुसू दे. त्यानं बंबाचा नळ उगाच मोठा सोडला, आवाजात आवाज बुडावा म्हणून.

हे दोन दिवस लक्षात ठेवायचे. दुआनच्या ते आजही लक्षात आहेत, त्या बुटांच्या पॉलिशच्या वासासकट.

५

तिसऱ्या सकाळी तो नेहमीसारखा कडं घेऊन यंत्रापुढे उभा राहिला. आठ कागद झाले. छत्तीस पॉइंट चार, छत्तीस पॉइंट चार. नववा कागद न्येबाईचा. तिच्यावरचा राग कागदावर काढत त्यानं तो जरा जोरातच आपटला.

"न्ये कुइलान," यंत्र म्हणालं. "तेहेतीस पॉइंट आठ. हिरवा. पुढे चला."

दुआननं कपाळाला हात लावला. कपाळ होतं तसंच होतं. त्यानं पुन्हा कागद धरला. तेहेतीस पॉइंट आठ. दहावा कागद धरला. छत्तीस पॉइंट चार. परत नववा. तेहेतीस पॉइंट आठ.

यंत्राच्या डोळ्यावर धुकं आलं असेल, म्हणून त्यानं बाहीनं काच पुसली. वारा एका बाजूनं येत असेल, म्हणून उलट्या बाजूला उभा राहिला. भट्टीवर काम केलेला माणूस तो, आकडा पडला तर आधी नळी तपासायची, मग काटा, मग स्वतःचे डोळे. तिन्ही तपासले. रंग तर हिरवाच होता. मग त्यानं ते सोडून दिलं, कारण दुपारी चारला नळीवर तीन ठोके आले. म्हणजे म्हातारी वर धड आहे आणि खाली डबडं बिघडलंय. त्याला हायसं वाटलं. हायसं वाटलं म्हणून रागही परत आला, आणि त्या दिवशीही त्यानं ठोका दिला नाही.

चौथ्या सकाळी सव्वीस. दुपारी तीन ठोके.

पाचव्या सकाळी वीस. दुपारी तीन ठोके, पण इतके सावकाश की दुसरा आणि तिसरा यांच्यात त्यानं एक अख्खी विडी ओढली.

त्या दिवशी त्याचा हात फावड्यापर्यंत गेला होता. गेला होता, एवढंच.

६

सहाव्या सकाळी यंत्र म्हणालं, अठरा. दुपारी चार वाजले, सव्वाचार झाले, पाच झाले. नळी गप्प.

दुआननं नळीला कान लावला. आतून पाणी वाहत होतं, ऊन होतं, त्याचा कान भाजला. मग सहा दिवसांत पहिल्यांदा त्यानं फावडं उचललं आणि एक ठोका दिला. थांबला. आणखी एक दिला. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं की झोपू द्या. चौथ्या मजल्यावरून काही आलं नाही.

सातव्या सकाळी पुन्हा अठरा. अठरा पॉइंट शून्य. खालीही गेलं नाही, वरही नाही.

तेव्हा दुआन यंत्रासमोर उभा राहिला तो तसाच राहिला. मागे भाजीची गाडी घेऊन आलेला माणूस, काका सरका, काका सरका, म्हणत होता.

अठरा हा आकडा त्याला स्वतःच्या नावासारखा पाठ होता. एकतीस वर्षं बॉयलरच्या भिंतीवर तांबड्या रंगात तेवढाच एक आकडा लिहिलेला होता, तिसरी शिकलेल्यालाही वाचता येईल एवढा मोठा. सरकारी नियमच तो. हिवाळ्यात राहत्या घराची हवा अठरा अंशांच्या खाली जाता कामा नये. कोळसा टाकायचा तो अठरासाठी. खोलीतली खुर्ची अठरा, टेबल अठरा, वाटीतला भात रात्रभर ठेवला की सकाळी अठरा. घरात जे काही नुसतं ठेवलेलं असतं ते सगळं अठरावर येऊन थांबतं.

७

तो तेंगकडे गेला. तेंग समितीच्या खोलीत उभ्याउभ्या नूडल्स खात होती, चार दिवस घरी गेली नव्हती. तिनं एका फोनवर न्येबाईचं पान काढून दाखवलं. रोज सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी हजेरी. सातही दिवस हिरवी. गोळ्यांची मागणी नाही. दाराची डबी एकदाही वाजलेली नाही, म्हणजे बाईनं नियम मोडलेला नाही. चार नंबरात सगळ्यात शहाणी बाई तीच.

दुआननं आकड्यावर बोट ठेवलं. तेंग म्हणाली, सदतीस पॉइंट तीनच्या वर गेला तर यंत्र ओरडतं. खाली किती चालतो ते कुठे लिहिलेलंच नाही.

"अठरावर माणूस जगतो का गं पोरी?"

"दुआनकाका, यंत्र अठरा म्हणत असेल तर यंत्राला थंडी वाजतेय. रंग सांगा. हिरवा ना? हिरव्या माणसाचं दार फोडा, असा अर्ज मी कुणाच्या नावानं करू?"

"ती हजेरी मी लावतो. कपाळ माझं आहे. ती सात दिवस खाली आलेली नाही, तुला माहीत आहे."

तेंगनं काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या. ती काय बोलणार ते तिच्या तोंडावर आधी आलं. ती भ्यालेली होती, आणि दुष्ट नव्हती. "हे माझ्यासमोर बोललात," ती हळू म्हणाली. "आणखी कुणासमोर बोलू नका. सतरा खोट्या हजेऱ्या आहेत, काका. कडं तुमच्या हातात आहे, आणि ते मी दिलंय. उद्या मी कुणालातरी वर पाठवते. उद्या नक्की."

चार नंबरच्या साखळीची किल्ली दुआनच्याच खणात होती. ती घेऊन तो त्याच क्षणी जिना चढू शकला असता. फाटक गेलं असतं, खोली गेली असती, आणि जवळ दुसरी खोली नव्हती. तो खोलीत जाऊन बसला. उद्या नक्की, असं तिनं म्हटलं होतं. चार वाजता त्यानं नळीवर एक ठोका दिला. उत्तर आलं नाही.

८

आठव्या सकाळी त्यानं न्येबाईचा कागद कड्यातून काढला, घडी करून आतल्या खिशात ठेवला, आणि सोळाच कागद घेऊन यंत्रापुढे गेला. मनाशी त्यानं ठरवलं होतं की आज तिची हजेरी लागणार नाही. हजेरी लागली नाही की दुपारपर्यंत समितीत गडबड होईल, माणसं वर जातील, कुणाला काही बोलायला नको. तिसरी शिकलेल्या माणसाची ती अक्कल होती, आणि तिचा त्याला थोडा अभिमानही वाटला.

सोळा कागद त्यानं भराभर उरकले. सोळा वेळा छत्तीस पॉइंट चार. त्यानं टोपी घातली आणि वळला. खोलीत यायला दोन पावलं राहिली असतील.

"न्ये कुइलान," मागे यंत्र म्हणालं. "अठरा. हिरवा. पुढे चला."

दांडा वर झाला.

फाटकात कुणी नव्हतं. रस्त्यावर सकाळचं पिवळट ऊन, समोर औषधाच्या दुकानाचं बंद शटर. सात वाजून बारा मिनिटं झाली होती. दुआन यंत्राकडे गेला. यंत्राच्या काचेत, जो समोर उभा राहील त्याचं तोंड दिसतं. त्याचं तोंड दिसलं नाही. त्याच्या खोलीची खिडकी दिसली, तिचा कठडा, कठड्यावरचा थर्मास. आणि काचेच्या कडेला, आत येता येता थांबल्यासारखी, राखाडी लोकरीची एक बाही. बाहीतून आलेली चार बोटं थर्मासच्या कडीवर होती. बोटं घट्ट धरलेली नव्हती. कुणी भरून देईल याची वाट बघताना धरतात, तशी धरलेली होती.

त्यानं मान वळवली. कठड्यावर थर्मास होता तिथेच होता. बूच मात्र शेजारी काढून ठेवलेलं होतं.

वाऱ्यानं बूच निघत नाही. आपणच काल काढलं असेल, असं दुआननं स्वतःला सांगितलं. त्यानं आठवून पाहिलं, आणि ते त्याला आठवलं नाही. दांडा अजून वर होता, खाली येतच नव्हता. साठ पावलांवर दुकानाचं शटर कुणीतरी आतून उघडायला लागलं.

९

त्यानं थर्मासमधलं आठ दिवसांचं पाणी ओतलं, बंबाचं ताजं भरलं, खणातून किल्ली घेतली आणि चार नंबरची साखळी काढली.

जिन्यात कुणाचंतरी टीव्हीचं गाणं चाललं होतं. दुसऱ्या मजल्यावर दारामागून एका पुरुषानं विचारलं, कोबी आली का? दुआन म्हणाला, नाही. तिसऱ्या मजल्यावर त्यानं दम खाल्ला. चौथ्यावर डावं दार. पट्ट्या अखंड, शिक्का अखंड, पांढऱ्या डबीवर बारीक हिरवा ठिपका.

त्यानं दाराला कान लावला. आत कुणीतरी थर्मास भरत होतं.

तो आवाज त्यानं बावीस वर्षं रोज ऐकला होता, त्यात चूक होणार नव्हती. आधी खोल, पोकळ आवाज, मग भरत येईल तसा बारीक, आणखी बारीक, आणि काठाला आलं की बंद. तो बारीक होत होत काठापर्यंत आला आणि बंद झाला. नळीतलंच पाणी असेल, भिंतीतलं. त्याच्या हातातला थर्मास गरम होता, जड होता, आणि हलत नव्हता.

"न्येबाई," तो दाराशी म्हणाला. "पाणी आणलंय."

मग त्यानं पट्ट्या फाडल्या आणि खांदा लावला. हिरवा ठिपका लाल झाला.

उंबऱ्याच्या आत तो गेला नाही. तिथून जेवढं दिसलं तेवढंच त्यानं पाहिलं. खिडकीतून ऊन आलेलं. नळीला लागून ओढलेली खुर्ची, तिची पाठ दाराकडे. खुर्चीच्या हातावर राखाडी बाही. खाली फरशीवर चमचा. टेबलावर दुसरा थर्मास, बूच काढलेला. त्यातून वाफ येत होती की उन्हात धूळ दिसत होती, हे त्याला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. त्याला पुढे होऊन बघता आलं असतं. तेवढ्यात जिन्यावर पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांचे बूट वाजायला लागले. आठ दिवस जे कुणी आलं नाही ते दार उघडल्यावर चार मिनिटांत आलं.

त्यांनी दुआनच्या कपाळावर यंत्र धरलं. छत्तीस पॉइंट चार. लाल.

१०

पंधरा दिवस त्याला एका शाळेच्या सभागृहात लहान मुलांच्या बाकांमध्ये ठेवलं. तिथेच त्याला डॉक्टरचं म्हणणं कळलं. बाई बंदीच्या दुसऱ्या दिवशी गेल्या, उशिरात उशिरा त्या संध्याकाळी. दुआननं तीनदा विचारलं. दुसऱ्या, पाचव्या नाही? डॉक्टर म्हणाला, आजोबा, यात चूक होत नाही.

मग तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या दुपारी नळी कोण वाजवत होतं, हे त्यानं डॉक्टरला विचारलं नाही. नळी तापते, निवते, आवाज करते. करते, पण चारला करत नाही आणि तीनदाच करत नाही, हे बॉयलरवाल्याला कुणी सांगायला नको. त्याला टोचतात ते हे तीन दिवस नव्हेत. टोचतात ते पहिले दोन. त्या दोन दिवसांत वर तीच होती, चमचा हातात धरून, खालच्या एका ठोक्याची वाट बघत. आणि खाली तो बूट घासत होता.

बाईचा मुलगा दक्षिणेतून राख न्यायला आला. चांगला माणूस. फाटकाच्या खोलीत खाटेच्या कडेवर बसला आणि म्हणाला की आईकडे फोन नव्हता, पण माझ्या फोनवर तिची हजेरी दिसायची. रोज सात बाराला हिरवं दिसायचं. दिसलं की मी म्हणायचो, बरी आहे, आणि कामाला लागायचो. दुआननं त्याला सांगितलं की ते कपाळ माझं होतं. मुलगा बराच वेळ त्या कपाळाकडे बघत राहिला. मग त्यानं आईच्या बरणीतली उरलेली कोबी दुआनला दिली आणि, तुमची क्षमा मागतो, तुम्हाला त्रास झाला, असं म्हणून गेला. त्यानं कशाबद्दल मागितली ते देव जाणे.

तेंग पर्सिमनच्या फळांची पिशवी घेऊन आली, रडली, तिनंही माफी मागितली. समितीकडून शिक्क्याचं पत्र आलं की यंत्रात तापाची खालची मर्यादा घातलेली नव्हती, याबद्दल खेद आहे, आता ती घालण्यात आली आहे. पत्र आलं त्याच आठवड्यात वरून हुकूम आला आणि सगळी यंत्रं ट्रकात भरून नेली. वसंतोत्सवाला, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला, फाटक सताड उघडं होतं. जिथे यंत्र होतं तिथे भिंतीत चार भोकं राहिली आहेत. त्यांत कुणीतरी फटाक्याच्या काड्या खोचल्या.

एवढ्या जणांनी मागितली. दुआननंही आपली मागून टाकली आहे. रोज चारला, फावड्यानं, नळीवर, एक ठोका. कधी कधी त्याच्या आधी वरून तीन येतात, कधी येत नाहीत. चौथ्या मजल्यावर डावीकडे आता कुणी राहत नाही. भरलेला थर्मास तो रोज सकाळी सात बाराला कठड्यावर ठेवतो, बूच लावून, आणि पाठ करून उभा राहतो. बघत नाही. ज्याला न्यायचं त्यानं न्यावं, पण आधी एक शब्द बोलावा. कुत्रा म्हटलं होतं, चार माणसांत. बाकी सगळ्यांचं फिटलं. एकीची माफी तेवढी यायची आहे, आणि ती आल्याशिवाय तो फाटक सोडणार नाही. चार नंबर, चौथा मजला, डावं दार. न्ये कुइलान.